नऊ चाकू झाले, दहावा कोणता घेऊ? आधी डोळे मिटून मोजा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि फोटो झूम करून बघितला. नऊ घडीचे चाकू झालेत, आठ हजारांचं बजेट आहे आणि दहाव्यासाठी दोन उमेदवार आहेत, एक तो टायटॅनियमच्या मुठीचा फ्रेमलॉक जो आत्ता सेलमध्ये लागलाय आणि दुसरा पाण्याच्या लाटांसारखी नक्षी असलेला डॅमॅस्कस, ह्यातला कुठला घेऊ असं विचारलंय. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. पण नुसतं नको म्हणून पळून जाणं बरं नाही, म्हणून जरा बैजवार लिहितो, मोठं होणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी मी कोण ते सांगतो म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हाला ठरवता येईल. मी मरोळच्या एका टूलरूममध्ये डायमेकर आहे, म्हणजे प्रेसवर पत्रा कापायचे पोलादी साचे बनवतो, २९ वर्षं झाली, पोलाद कापायचं, घासायचं, हार्डनिंगला पाठवायचं आणि परत वाकडं होऊन आलं की शिव्या घालत ग्राइंडिंगला लावायचं हा रोजचा धंदा. चाकूंचा नाद त्याच्याही आधीचा. मामा बोटीवर होता, १९८७ साली त्याने लाल स्विस चाकू आणून दिला तेव्हा मी आठवीत होतो, आणि आईने तो दहावीचा रिझल्ट लागेपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवला होता. आज माझ्याकडे सत्तरच्या आसपास चाकू आहेत. त्यातले निदान तीस घेतले नसते तरी काही बिघडलं नसतं, आणि ते तीस कसे कसे घरात आले हे पक्कं आठवत असल्यामुळे तुमचा फोटो बघून हसू आलं, राग मानू नका.

कारण तुमच्या नऊपैकी पाच चाकू एकच आहेत. काळी जी-टेनची, म्हणजे काचतंतू आणि रेझिनच्या थरांची मूठ, बोटाने दाबला की पातं बाहेर येतं तो मागचा फ्लिपर, आत लायनर लॉक, पातं डी-टू नाहीतर आठ-सीआर पोलादाचं. ब्रँड वेगळे, बॉक्स वेगळे, पात्याचा आकार उन्नीस-बीस, बाकी सगळं तेच. एक करून बघा. रात्री जेवणं आटपली की जमिनीवर पेपर पसरा, नऊच्या नऊ त्यावर ठेवा आणि डोळे मिटून एकेक हातात घ्या, सावकाश उघडा, मिटा, बाजूला ठेवा. डोळे मिटल्यावर जे दोन चाकू एकमेकांपासून ओळखता येत नाहीत ते संग्रहात एकच धरायचे. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्याकडे २४ होते, भरले ११. बायको बाजूला बसून भाजी निवडत होती, तिने एवढंच विचारलं की उरलेल्या तेरांचे पैसे कुठून आले होते.

तुमचे माझ्या अंदाजाने पाच भरतील. पाच फ्लिपर मिळून एक, तो व्हिक्टोरिनॉक्सचा स्विस चाकू स्पार्टन, मल्टिटूल, किचेनचा छोटा आणि मनालीहून आणलेला पितळी मुठीचा. म्हणजे आपण बोलतोय ते सहाव्याबद्दल. आता ह्या नजरेने तो टायटॅनियमवाला बघा. फ्रेमलॉक म्हणजे लायनर लॉकचाच मोठा भाऊ, लायनर लॉकमध्ये मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पात्याच्या बुडाला टेकते, फ्रेमलॉकमध्ये मुठीची एक बाजूच पट्टीचं काम करते. क्रिस रीव्ह ह्या चाकू बनवणाऱ्याने त्याच्या सेबेंझा चाकूमध्ये ते आणलं तेव्हा ती मोठी गोष्ट होती, आजही सेबेंझा हातात घेतला की कळतं का ते. पण सेलमधला फ्लिपर फ्रेमलॉक डोळे मिटून उघडलात तर तुमच्या पाचांच्या ढिगातच जाईल, फक्त जरा गार लागेल हाताला.

इथे एक जर-तर आहे तो मान्य करतो. तुम्हाला फक्त फ्लिपरच गोळा करायचे असतील तर मग माझं सगळं म्हणणं बाद, खुशाल घ्या. माझा एक ओळखीचा फक्त ५८ मिलिमीटरचे छोटे स्विस चाकू जमवतो, बाकी कशाला हात लावत नाही, आणि त्याचा संग्रह माझ्यापेक्षा चांगला आहे कारण त्याला नक्की माहीत आहे की तो काय शोधतोय. पण तुम्ही प्रश्नात लिहिलंय की संग्रहात "व्हरायटी" हवी आहे आणि शनिवार-रविवारी घरी थोडं वापरायलाही हवा, ऐरोलीच्या ऑफिसला न्यायचा नाहीये. ते धरून पुढचं लिहितोय.

घडीच्या चाकूत सगळी अक्कल सांध्यात असते, पातं काय घरातल्या सुरीलाही असतं. म्हणून व्हरायटी हवी असेल तर मी आधी सांधा बघतो, मग पोलाद, मग मूठ, आणि ब्रँड सगळ्यात शेवटी. तुमच्या स्पार्टनमध्ये लॉक नाहीये, पाठीत एक स्प्रिंगची पट्टी आहे आणि पात्याचं बूड तिच्यावर फिरतं, उघडताना पट्टी उचलली जाते आणि शेवटी टक करून बसते. तो टक नीट ऐका कधीतरी, जुन्या शेफील्डच्या चाकूत आणि आजच्या स्विसमध्ये तो टक वेगळा असतो, माझ्याकडचा शेफील्डचाच एक रॉजर्स तर असा मिटतो की खोलीतल्या माणसांनी वळून बघावं. मग लॉकबॅक. पट्टी तीच पण तिला खाच पाडलेली, पातं उघडलं की पट्टीचा दात खाचेत पडतो आणि मुठीच्या पाठीवर दाबल्याशिवाय मिटत नाही. ही युक्ती जुनी आहे पण तिला घरोघरी नेलं ते १९६४ च्या अमेरिकन बक ११० ने, पितळेची टोकं, लाकडाची मूठ, पावणेचार इंची पातं आणि वजन असं की खिशात ठेवलात तर पँट एका बाजूला उतरेल. मग १९८० च्या दशकात मायकेल वॉकर ह्या चाकू बनवणाऱ्याने लायनर लॉकला आजचं रूप दिलं, तुमच्या पाचही चाकूत मिटलेलं पातं धरून ठेवणारी जी बारीक गोळी आहे ना, बोटाने दाबताना आधी अडतं आणि मग सुटतं, ती त्याचीच करामत. १९९८ मध्ये बेंचमेड कंपनीने आडव्या दांडीचा ॲक्सिस लॉक आणला, त्याचं पेटंट संपल्यावर आता चीनमधले अर्धे चाकू तोच सांधा वापरतायत, चांगला आहे, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना चालतो, फक्त त्यातल्या तारेच्या बारीक स्प्रिंगा कधीतरी तुटतात.

आणि आपला रामपुरी विसरून चालणार नाही. त्यातल्या गरारीवाल्याचं पातं उघडताना दात्यांवरून कडकड करत येतं, पिक्चरमध्ये व्हिलन यायच्या आधी जो आवाज येतो तो. रामपूरला तर आता एका चौकातच सहा मीटरचा चाकू उभा केलाय. पण संग्रहाच्या सुरुवातीला तुम्ही त्याच्या वाटेला जाऊ नका, कारण कायद्याच्या भागात सांगतो.

ह्या सगळ्यात तुमच्याकडे काय नाही? लॉकबॅक नाही, आडव्या दांडीचा नाही, कड्याचा नाही आणि नुसत्या घर्षणावर उभा राहणारा नाही. पोलादाच्या बाजूने बघितलं तर एकही साधं कार्बन पोलाद नाही. मुठीच्या बाजूने बघितलं तर लाकूड नाही. एकाच खरेदीत ह्यातले तीन खड्डे भरणारा चाकू आहे, आणि तो तुमच्या बजेटच्या बऱ्याच आत बसतो. ओपिनेल नंबर ८, कार्बनच्या पात्याचा.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. साधा दिसतो. हो, दिसतो. फ्रान्समधल्या साव्हुआ भागातल्या जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी, मजुरांसाठी बनवलेला चाकू आहे, बीचच्या लाकडाची गोल मूठ, तिला एक फट, एक खिळा, एक पातं, संपलं. १९५५ पर्यंत त्याला लॉकसुद्धा नव्हता, मग त्यांनी पात्याच्या मुळाशी फिरणारं पोलादी कडं बसवलं, व्हिरोब्लॉक म्हणतात त्याला. उघडलंत, कडं फिरवलंत, पात्याची वाट बंद. २००० पासून तेच कडं मिटलेलं पातंही धरून ठेवतं. चार-पाच तुकड्यांत अख्खा सांधा. मी डाय बनवणारा माणूस आहे, कमीत कमी पार्टमध्ये काम भागवलेलं दिसलं की मला फार बरं वाटतं, त्यामुळे ह्या चाकूबद्दल मी थोडा पक्षपाती आहे हेही मान्य. पण तुमच्या डोळे मिटून उघडायच्या परीक्षेत हा शंभरात ओळखू येईल.

आता पोलाद, आणि इथे मुंबईची हवा आडवी येते.

तुमच्याकडे डी-टूचे तीन आहेत आणि त्यातल्या एकावर डाग पडलेत असं तुम्ही म्हणताय, "डिफेक्टिव्ह पीस असेल का?" नाही हो. डी-टू हे मुळात आमच्या धंद्यातलं पोलाद आहे, प्रेस टूलचे पंच आणि डाय ह्याचेच बनतात, टूलरूममध्ये ह्याला आणि ह्याच्या भावंडांना सरसकट एचसीएचसीआर म्हणतात, हाय कार्बन हाय क्रोमियम. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन आणि बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम. आकडा ऐकून वाटतं की जवळपास स्टेनलेसच झालं की, पण होतं काय, कार्बन इतका असतो की तो बरंचसं क्रोमियम पकडून त्याचे कठीण कण करून टाकतो, आणि गंज अडवायला जे मोकळं क्रोमियम लागतं ते पुरेसं उरत नाही. आमच्याकडे नवीन पोरगा शनिवारी संध्याकाळी ग्राइंड केलेला डाय तेल न लावता टेबलावर ठेवून घरी जातो, आणि सोमवारी त्यावर त्याच्या पाची बोटांचे ठसे तपकिरी रंगात उमटलेले असतात, रेघा मोजता येतात इतके स्पष्ट, पोलीस स्टेशनला देता येतील. जुलैत तर एक रात्र पुरते. तुमच्या चाकूचं तेच झालंय, घामाचा हात लागला आणि पुसला नाहीत.

मग तुम्ही म्हणाल की बाबा डी-टू गंजतं तर कार्बनचा ओपिनेल का घ्यायला सांगतोयस, तो तर दुप्पट गंजेल. गंजेल, पण तो वेगळ्या प्रकारे वागतो आणि तेच बघायला तो घ्यायचा. तुमच्या आजीच्या विळीचं पातं आठवा. कैरी, चिंच, केळफूल कापून कापून काळंनिळं पडलेलं असायचं, पण लाल गंज कधी दिसला होता का? आंबटाने पोलादावर एक काळपट थर धरतो आणि रोज वापरून, धुवून, लगेच पुसून तो पक्का होतो, मग लाल गंज सहज चढत नाही. माझा नंबर ८ मी पहिल्या दिवशी एका कैरीच्या फोडी करायला वापरला. पहिल्या पाच मिनिटांत पात्यावर करडे ढग आले, मग कडेला निळसर झाक, मग मध्ये जांभळट एक पट्टा, जिथे फोड चिकटून राहिली होती तिथे तिच्या आकाराचा डाग. दोन पात्यांवर अशी नक्षी सारखी कधीच येत नाही. फोडींना मात्र लोखंडाची चव येते आणि त्या काळ्या पडतात, त्यामुळे पहिली कैरी लोणच्यात घालू नका, घरात बोलणी बसतात. हे पातं ज्या दिवशी काळं पडेल त्या दिवशी तुमच्या संग्रहातला तो पहिला चाकू असेल ज्याच्यासारखा दुसऱ्या कोणाकडे नाही.

नुसता ठेवून द्यायचा असेल, हातही लावायचा नसेल, तर कार्बन घेऊ नका, त्याच चाकूत स्टेनलेस पातं मिळतं ते घ्या, मी चिडणार नाही. आणि समुद्रावर, मासेमारीला, मिठाच्या पाण्यात वापरायचा असेल तर मग वेगळीच गोष्ट, त्यासाठी एलसी२००एन सारखी नायट्रोजनवाली पोलादं आहेत, मुळात विमानांच्या बेअरिंगसाठी निघालेल्या जातीतली, ती खरोखरच गंजत नाहीत पण तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत. मधला मार्ग म्हणून १४सी२८एन हे स्टेनलेस चांगलं, मुंबईत निवांत राहतं, धार लवकर लागते. डी-टूची धार टिकते हे खरं, पण गेली की साध्या दगडावर परत आणताना हात दुखतात, त्या कठीण कणांमुळे. उलट तुमच्या स्पार्टनचं पातं रॉकवेलच्या कठीणपणाच्या मापावर ५६ च्या आसपासचं, मऊच, लोक नाकं मुरडतात, पण त्याची धार चहाच्या कपाच्या बुडाच्या खरबरीत कडेवर चार वेळा फिरवून परत येते. मला ते जास्त उपयोगाचं वाटतं. आणि एक लक्षात ठेवा, पोलादाच्या नावापेक्षा हार्डनिंग कसं केलंय ते मोठं. बक कंपनी वर्षानुवर्षं ४२०एचसी सारखं साधं पोलाद वापरते आणि ते चांगलं चालतं कारण त्यांचं हीट ट्रीटमेंट नीट असतं, आणि मी भारी नावाचं पोलाद खोक्याच्या पिनेवर दाते पडताना बघितलंय.

डॅमॅस्कसवर थोडक्यात, नाहीतर रात्र होईल. खरं जुनं डॅमॅस्कस म्हणजे आपल्या दक्षिणेतलं मुशीत वितळवलेलं पोलाद, वुट्झ, मायकेल फॅरडेने १८२० च्या आसपास त्यावर प्रयोग करून बघितले होते. आज त्या नावाने मिळतं ते दोन पोलादांचे थर एकमेकांवर ठोकून ॲसिडमध्ये बुडवलेलं, त्यातही चांगलं काम करणारे लोहार आहेतच. पण तुम्ही दाखवलेल्या किमतीला फोटोतली नक्षी थरांची आहे की वरून उमटवलेली हे फोटोवरून सांगता येणार नाही, आणि आतलं पोलाद कुठलं ते विकणाराही लिहीत नाहीये. मी एकदा असाच घेतला होता, शुक्रवारच्या चोर बाजारात, उकाड्यात, भाव पाडल्याच्या आनंदात. घरी येऊन पात्याचा कोपरा एमरी पेपरने घासला तर नक्षी गायब. मग म्हटलं आणखी एक संधी देऊ, लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं फेरिक क्लोराइड होतं, सर्किट बोर्डावरचं तांबं विरघळवायला वापरतात ते, त्यात बुडवून ठेवला. थर असते तर नक्षी परत वर आली असती. सपाट करडा बाहेर आला. तो आता घरी पार्सल फोडायला आहे. डॅमॅस्कस घ्यायचा तर बनवणाऱ्याचं नाव आणि दोन्ही पोलादांची नावं कळल्यावरच घ्या, आणि ते आठ हजारात होईल असं मला वाटत नाही.

कायद्याचं. मी वकील नाही, पण मुंबईत हा छंद करायचा तर एवढं माहीत पाहिजे. २०१६ च्या शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याचे चाकू शस्त्रांमध्ये धरलेत, घरगुती, शेतीच्या वगैरे कामाचे सोडून. ओपिनेल ८ चं पातं साडेआठ सेंटिमीटर, त्यामुळे त्या बाजूने प्रश्न येत नाही. पण मुंबईत पोलीस आयुक्तांचे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालचे मनाई आदेश वेळोवेळी निघत असतात, त्यात चाकू, सुऱ्या घेऊन फिरायला बंदी असते आणि तिथे इंच मोजायला कोणी बसत नाही. दिल्लीत तर बटणवाल्या आणि गरारीवाल्या चाकूंसाठी १९८० ची वेगळी अधिसूचना आहे, ७.६२ सेंटिमीटरपासून पुढचं पातं त्यात येतं. म्हणून रामपुरी, बटण दाबून उघडणारे, फुलपाखरासारखे दोन मुठींचे, हे सध्या लांबच ठेवा. आणि लोकलमध्ये, मेट्रोत, गणपतीच्या गर्दीत कुठलाही घडीचा चाकू खिशात नको, "कलेक्टर आहे" हे बॅग तपासणाऱ्याला सांगून काही उपयोग होत नाही, मी सांगून बघितलंय. दुकानातून घरी आणताना बॉक्समध्ये, बिलासकट. विमानात फक्त चेक-इन बॅगेत.

मनात अजून ओपिनेल बसत नसेल तर माझ्या क्रमाने दुसरा हिगोनोकामी, जपानचा, पत्र्याची दुमडलेली मूठ आणि पात्याच्या बुडाला बाहेर आलेली एक शेपटी, ती अंगठ्याने दाबून धरायची, तोच त्याचा लॉक. मिकी शहरात आता एकच घराणं तो अधिकृत नावाने बनवतं. वापरायला ओपिनेलपेक्षा अवघड, बघायला सुंदर. तिसरा बक ११० किंवा दुसरा कुठलाही चांगला लॉकबॅक. हे तिन्ही घेऊन झाले की मग टायटॅनियमकडे परत या, तोवर तुम्हाला फ्रेमलॉकमध्ये काय शोधायचं ते कळलेलं असेल आणि सेलची गरज वाटणार नाही. आणि कधी पुण्याला गेलात तर केळकर संग्रहालयात अडकित्ते बघून या. मी चाकू बघणारा माणूस तिथे तास दीड तास अडकित्त्यांसमोरच उभा होतो. दोन पाती, एक खिळा, आणि त्यात लोकांनी काय काय करून ठेवलंय.

उरलेल्या पैशात आधी एक धारेचा दगड घ्या, एक हजार ग्रिटचा, नागदेवीला टूल्सच्या दुकानांत विचारा. दुसरं, केमिस्टकडे लिक्विड पॅराफिन मिळतं, पोट साफ व्हायला देतात ते, वास नाही, खाण्यात गेलं तरी चालतं, पात्याला पुसायला त्याच्यासारखं काही नाही. खोबरेल लावू नका, काही महिन्यांत चिकट होतं आणि सांध्यात घाण धरतं. चामड्याच्या पाऊचमध्ये कुठलाच चाकू कायमचा ठेवू नका, चामडं पावसाळ्यात ओल धरतं आणि तुमच्या मनालीवाल्याच्या पितळेवर हिरवट चढतं, फोटोत मुठीच्या टोकाला मला ते सुरू झालेलं दिसतंय, बघून घ्या एकदा. बाकी पैसे बाजूला ठेवा. जुना शेफील्डचा एखादा, पात्यावर चांदणी आणि माल्टीज क्रॉस असलेला, रद्दीच्या ढिगात कधी समोर येईल सांगता येत नाही, आणि आला की त्या दिवशी खिशात कॅश लागते.

शेवटची गोष्ट ओपिनेलच्या लाकडाची, ही मला कोणी सांगितली नव्हती. मी माझा जानेवारीत घेतला, लोण्यासारखा उघडायचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तो उघडेना. लाकूड हवेतली ओल पिऊन फुगलं आणि फटीने पातं असं आवळलं की नख तुटलं. साव्हुआच्या लोकांकडे ह्याला उपाय आहे, कडं सैल करून मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठकठक आपटायचं, पातं थोडं बाहेर डोकावतं, मग चिमटीत धरून उघडायचं. पण चार महिने रोज टेबल कोण ठोकत बसणार. तेव्हा असं करा, चाकू कोरड्या दिवसांत घ्या, दिवाळीनंतर, होळीच्या आत. फटीच्या आतल्या बाजू दुमडलेल्या बारीक पॉलिश पेपरने अगदी थोड्या घासा, थोड्या म्हणजे दोन-चार फेऱ्या, नाहीतर उन्हाळ्यात पातं सैल होऊन लडबडेल. मग मुठीला जवसाचं तेल चोपडा, आतही, कापडाने पुसा, दोन दिवस वाळू द्या, असं तीन वेळा. तेलाची ती चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, जवसाच्या तेलाची चिंधी आपोआप पेट घेऊ शकते, दोरीवर पसरून वाळवा आणि मग टाका. आणि हे सगळं करताना ते पोलादी कडं काढायच्या भानगडीत पडू नका. मी सर्क्लिप प्लायरने काढायला गेलो, ते टण्णकन उडून गोदरेजच्या कपाटामागे गेलं, आणि कपाट सरकवायला खालच्या मजल्यावरून दोन जण बोलवावे लागले. त्यांनी विचारलं काय हरवलंय, तर मी अंगठी म्हणून सांगितलं.